पंधरा मिनिटं

धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला पोलादी नळी बांधलीय,
तिच्या आत, पाण्याखाली अर्धा मीटर, माझं यंत्र.
दर पंधरा मिनिटांनी ते ओद्रा नदीचा एक घोट चाखतं
आणि वरच्या डब्यातल्या सिमकार्डातून कळवतं:
तापमान, आम्लता, क्षार, गढूळपणा, प्राणवायू.
कार्यालयात याला 'त्या क्षणाची माहिती' म्हणतात.
आकडा पडद्यावर उमटेस्तोवर
ज्या पाण्याचा तो आकडा, ते
सहाशे मीटर पुढे, पोप्लरच्या रांगेपाशी पोचलेलं असतं.

मी दर मंगळवारी येते, दात घासायचा जुना ब्रश घेऊन.
काचेवर शेवाळ बसलेलं असतं, कधी नखाएवढा शिंपला.
यंत्राला खोटं बोलायला तेवढंही पुरतं.

झेनोबियुश, वय एक्याऐंशी, खांबाला सायकल टेकवून बघत बसतो.
"झाली का गं पोलिसाची आंघोळ?"
पाणी जोखायची त्याची रीत वेगळी:
बोट बुडवायचं, जिभेला लावायचं.
नको म्हटलं तरी लावतो.
"खारट," म्हणाला जुलैत.
"वरच्या खाणवाल्यांनी हिला मीठ चारलंय.
बघ आता, खाल्ल्या मिठाला जागते की नाही."
यंत्रही तेच म्हणत होतं,
फक्त दोन दशांश स्थळांपर्यंत.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
माझा पगार तेच विचारण्याचा.

गुरुवारी दुपारी प्राणवायू एकशे ऐंशी टक्के.
बोझिदारचा फोन: "बघ की, काय मोकळा श्वास घेतेय!"
नवा आहे तो. त्याच्या तक्त्यात
फक्त कमी आकडे लाल होतात.
तापलेल्या पोराचे गालही गुलाबी दिसतात, मी म्हटलं.
हे शेवाळ दिवसा जेवढं देतं
त्याहून जास्त रात्री वसूल करतं.

रात्री दहाला नव्वद.
बाराला एक्कावन्न.
गाडीत आडवी झाले होते, उठून बसले.
सव्वादोनला अठ्ठावीस.

इशारा अकरा फोनांवर गेला.
अकरा उशांपाशी काहीतरी जरासं थरथरलं
आणि थांबलं.

झेनोबियुशकडे तसला फोन नाही.
तरी त्याच्या सायकलचा दिवा बांधावरून हलत आला.
कुत्रं झोपू देईना, म्हणाला.
आकडा विचारलाच नाही त्याने. विचारलं, "तळ्याचं दार?"
जुन्या पात्राचं ते तळं, नदीला एका फळीच्या दाराने जोडलेलं,
या दिवसांत पिल्लांनी भरलेलं.
दाराचं चाक गंजलेलं.
एक फेरा तो, एक मी,
मग दोघं मिळून, मग त्याच्या सायकलचा पंप अडकवून,
मग त्याने गुडघाभर पाण्यात उतरून फळीला खांदा लावला
आणि आईचं नाव घेऊन एक शिवी दिली
जी मी अहवालात घातलेली नाही.
दार बसलं तेव्हा साडेतीन वाजले होते.
मधले पाच आकडे मी पाहिलेच नाहीत.

उजाडताना नदीवर काही पांढरं वाहत होतं.
पोप्लरचा कापूस, मला वाटलं.
कापूस जूनमध्येच संपतो, हे जरा उशिरा आठवलं.

झेनोबियुश ओल्या पँटने काठावर बसला.
त्याने एकवारही बोट बुडवलं नाही.
यंत्र मात्र वेळेवर: पावणेपाच, पाच, सव्वापाच.
त्याच्या नळीला एक कॅटफिश अडकून राहिला होता,
माझ्या हाताएवढा लांब,
तोंड पाण्याबाहेर, उघडं.
मी तो सोडवला, ब्रशने काच पुसली.
मंगळवार नव्हता.

फोनवर बोझिदारचा आवाज बसलेला.
तक्ता पूर्ण लाल आहे, म्हणाला, शेऱ्यात काय लिहू?
मी तळ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
लिही, म्हटलं: तळ्यात बुडबुडे दिसतात. तीन. आता चार.
प्रणालीने नोंद परत पाठवली:
एकक नमूद केलेलं नाही.

पुन्हा तेच लिही, मी म्हटलं.